एन्डोस्कोपी नॉर्मल आली म्हणजे कॅन्सर नाही असं धरायचं का?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी, इथले आरोग्याचे धागे नेहमी वाचते, स्वतः पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा. विषय सासऱ्यांचा आहे. वय ६६, तंबाखू बरीच वर्षं होती, आता सोडली. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास त्यांना भाकरीचा घास छातीच्या खाली अडकल्यासारखा व्हायला लागला, रोज नाही, अधूनमधून, वर पाणी प्यायलं की उतरायचा. आम्ही वेळ न घालवता शहरात नेऊन एन्डोस्कोपी करून घेतली. रिपोर्टात सौम्य गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराला सूज, बाकी सगळं नॉर्मल. तपासायला तुकडा (बायोप्सी) वगैरे काही काढला नव्हता. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि खरंच बरं वाटलं की त्यांना, त्यामुळं आम्हीपण निवांत झालो. उन्हाळ्यात परत सुरू झालं, मग पातळ भातसुद्धा जाईना, वजन दिसण्याइतकं उतरलं. दुसऱ्या डॉक्टरांकडं परत एन्डोस्कोपी केली तर अन्ननलिका जठराला मिळते तिथंच गाठ. तुकड्यात कॅन्सर निघाला. आता टाटाला नाव घातलंय, आधी केमो आणि मग ऑपरेशनचं बघू म्हणालेत.

नवऱ्याचं एकच चाललंय, पहिल्या वेळी दिसलं कसं नाही. दीर म्हणतो तेव्हा नव्हतंच, नंतर झालं. मला भांडायचं नाहीये कुणाशी, हॉस्पिटलचं नावपण इथं लिहिणार नाही. फक्त समजून घ्यायचंय की कॅमेरा आत घालून बघूनसुद्धा कॅन्सर सुटू शकतो का? आणि सुटत असेल तर किती वेळा?

गुहागरी
वाचून वाईट वाटलं गं. सासऱ्यांना लवकर आराम पडो. टाटामध्ये सुरुवातीला धावपळ फार होते, जुनी सगळी फाईल, पहिल्या एन्डोस्कोपीचा रिपोर्ट फोटोंसकट बरोबर ठेव, तिथे विचारतात. बाकी तज्ज्ञ मंडळी लिहितीलच, दुर्बीणवाले डॉक्टर आहेत का इकडे?

शंकासुर
यात समजून घेण्यासारखं काय आहे? दोन मिनिटांत नळी आत, दोन मिनिटांत बाहेर, बिल तयार, पुढचा पेशंट. सगळा धंदा झालाय.

दुर्बीणवाला
आहे, आहे. ओपीडी संपवून निवांत लिहितोय त्यामुळे लांबेल.

कृष्णाकाठची, सरळ उत्तर द्यायचं तर हो, सुटतो. आणि हे आम्हा लोकांना चांगलं माहीत आहे, फक्त पेशंटसमोर फारसं बोललं जात नाही. २०१४ साली वेगवेगळ्या देशांतले १० अभ्यास एकत्र करून एक हिशोब मांडला गेला होता. अन्ननलिका किंवा जठराचा कॅन्सर निघालेले जवळपास ३,८०० पेशंट घेतले आणि मागे जाऊन बघितलं की यांच्यापैकी कितींची आधीच्या ३ वर्षांत एन्डोस्कोपी झाली होती आणि तिच्यात कॅन्सर सापडला नव्हता. उत्तर आलं ११.३ टक्के. फक्त आधीचं १ वर्ष धरलं तर ६.४ टक्के. इंग्लंडमध्ये नुसत्या अन्ननलिकेच्या कॅन्सरचा असाच हिशोब केला तर ७.८ टक्के आले. म्हणजे ढोबळमानाने दहा-बारा कॅन्सर पेशंटांमागे एकाची आधीची एन्डोस्कोपी 'नॉर्मल' किंवा 'किरकोळ सूज' अशी असते.

आता तुमच्या दिरांचा मुद्दा, तेव्हा नव्हताच. अगदी अशक्य नाही पण सहसा तसं नसतं. जपानात ज्यांना सुरुवातीच्या टप्प्यातला जठराचा कॅन्सर होता पण कुठल्या ना कुठल्या कारणाने ऑपरेशन झालं नाही किंवा लांबलं, अशा लोकांवर लक्ष ठेवलं गेलं होतं. तो कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यातून पुढच्या टप्प्यात जायला साधारण ४४ महिने लागले. काही गाठी झपाट्याने वाढतात हे खरं, पण वर्षाच्या आत एवढी मोठी गाठ निघाली तर पहिल्या वेळी तिथे काहीतरी असण्याचीच शक्यता जास्त. आणि मुख्य म्हणजे त्यांचा घास तेव्हाही अडकत होता. अडकण्याचं कारण गॅस्ट्रायटिस नसतं हो. सूज जठरात आणि घास अडकतो छातीच्या तळाशी, ही सांगड बसत नाही हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

दिसत का नाही? कारण सुरुवातीचा कॅन्सर गाठीसारखा नसतो. थोडासा लालसर किंवा फिकट पट्टा, किंचित खोलगट जागा, अस्तराची नक्षी जरा बिघडलेली, बस. शिवाय आंधळ्या जागा ठरलेल्या आहेत. घशातून उतरताना अन्ननलिकेचा पहिला भाग झर्रकन मागे पडतो. जठराचं तोंड, ज्याला आम्ही कार्डिया म्हणतो, ते सरळ जाताना नीट दिसतच नाही, आत गेल्यावर नळी इंग्रजी जे अक्षरासारखी उलटी वळवून मागे बघावं लागतं. तुमच्या सासऱ्यांची गाठ नेमकी तिथलीच. जठराची मागची भिंत आणि वरची आतली कडा इथेही चुकतं, हवा पुरेशी भरली नाही तर घड्या उलगडत नाहीत आणि घडीत जे असेल ते घडीतच राहतं.

शंकासुर
म्हणजे १०० एन्डोस्कोपींपैकी ११ चुकीच्या! आणि हे डॉक्टर स्वतःच कबूल करतायत. मी काय वेगळं म्हणत होतो?

दुर्बीणवाला
नाही हो शंकासुर, हिशोब उलटा वाचताय. १०० एन्डोस्कोपींपैकी ११ नाही, कॅन्सर निघालेल्या १०० लोकांपैकी ११. एन्डोस्कोपी करून घेणाऱ्यांत बहुसंख्यांना कॅन्सर नसतोच, अ‍ॅसिडिटी, अपचन, अल्सर असलं काहीतरी असतं. त्यामुळे धोक्याची कुठलीही खूण नसलेल्या माणसाची नॉर्मल एन्डोस्कोपी खूपच भरवशाची असते. भरवसा कमी होतो तो ज्याच्यावर आधीच संशय आहे त्याच्या बाबतीत. साठीच्या पुढचा, तंबाखूचा, घास अडकणारा माणूस आणि पंचविशीतला, रात्री मिसळ खाल्ल्यावर छातीत जळजळणारा माणूस, दोघांच्या हातात 'नॉर्मल' हाच शब्द असेल तरी त्याचं वजन वेगळं.

स्कोपवाली_ताई
मी एन्डोस्कोपी रूममध्ये सिस्टर आहे, बऱ्याच वर्षांपासून. डॉक्टरांनी शास्त्र सांगितलं, मी आतली बाजू सांगते, कुणाला राग येऊ नये.

पेशंट उपाशी येतो पण त्याच्या जठरात फेस आणि चिकट पाणी असतंच. त्याच्यावर उपाय साधा आहे, सिमेथिकोनचं औषध थोड्या पाण्यातून १५-२० मिनिटं आधी पाजायचं, काही ठिकाणी चिकटपणा विरघळवणारं अ‍ॅसिटिलसिस्टीनपण देतात. खर्च काहीच नाही. पण लिस्ट लांबलचक असली की हे पहिलं गळतं. मग डॉक्टरांनी धुऊन धुऊन बघायचं नाहीतर तसंच बघायचं. ताकावरच्या फेसातून तळाचं मीठ विरघळलंय की नाही ते बघण्यासारखं आहे ते.

दुसरं, घशात नुसता झायलोकेनचा, म्हणजे घसा बधिर करणारा, स्प्रे मारून करतो तेव्हा बरेच पेशंट उमासे काढतात, डोळ्यांतून पाणी, हात नळीकडे, नातेवाईक दारात. मग डॉक्टरपण माणूसच, आटपतं घेतात. पेशंट घाबरणारा असेल तर झोपेचं इंजेक्शन आधीच विचारून घ्या, त्यासाठी बरोबर माणूस लागतो आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. अन्न पुढे सरकत नसलेले पेशंट ८ तास उपाशी राहूनसुद्धा जठरात आदल्या दिवशीचं जेवण घेऊन येतात, त्यांच्यात काहीच दिसत नाही, ते परत बोलवायलाच पाहिजेत आणि रिपोर्टावर 'अन्न असल्याने नीट दिसले नाही' असं लिहायलाच पाहिजे. काही जण लिहितात, काही नाही लिहीत.

आणि तिसरं म्हणजे टेम्प्लेट. कॉम्प्युटरवर नॉर्मलचा रिपोर्ट तयारच असतो, अन्ननलिका नॉर्मल, फंडस (जठराचा वरचा भाग) नॉर्मल, ड्युओडेनम (छोट्या आतड्याची सुरुवात) नॉर्मल. त्यात जे वेगळं दिसलं तेवढं बदलायचं. म्हणजे कागदावर नॉर्मल लिहिलंय याचा अर्थ तिथे खास थांबून बघितलं असा होत नाही. फोटो असेल तर खरं.

गुहागरी
ताई, हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. धागा बुकमार्क केला.

सोलमधली_सोलकढी
मी दक्षिण कोरियात सोलला राहते, इथलं लिहिते. इथे जठराचा कॅन्सर फार, म्हणून सरकारनेच ४० च्या पुढच्या सगळ्यांना दर २ वर्षांनी तपासणी ठेवलीये. माझ्या नवऱ्याला चाळिशी लागल्या लागल्या पत्र आलं, आम्ही परदेशी असलो तरी इथल्या विम्यात आहोत ना. वरच्या उत्पन्न गटाला १० टक्के भरावे लागतात, खालच्या गटाला फुकट. भूल देऊन हवी असेल तर तिचे पैसे वेगळे, आणि इथे जवळजवळ सगळे भूल घेऊनच करतात.

इथे पूर्वी बेरियम पिऊन एक्स-रे किंवा एन्डोस्कोपी असे दोन पर्याय होते, लोक आता एन्डोस्कोपीच घेतात. इथल्याच सरकारी तपासणीच्या आकड्यांवरून काढलं होतं की एन्डोस्कोपीने कॅन्सर पकडण्याचं प्रमाण ६९ टक्के आणि बेरियमचं ३६.७. मी हे वाचलं तेव्हा दचकलेच होते, ज्या देशात पोरासोरांची आजी-आजोबा एन्डोस्कोपीला जातात तिथे ६९च? पण तरीही ज्यांनी एन्डोस्कोपी करून घेतली होती त्यांच्यात जठराच्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, बेरियमवाल्यांत मात्र फरक पडलाच नाही म्हणण्याइतका. दर २ वर्षांनी होते म्हणून एकदा सुटलेलं पुढच्या वेळी सापडतं, आणि तेव्हाही लहानच असतं बहुतेक.

दुर्बीणवाला
सोलकढी, छान माहिती. म्हणूनच जपाननेही बेरियमची जुनी पद्धत असताना २०१६ पासून ५० च्या पुढे एन्डोस्कोपीला मान्यता दिली. पण भारतात सरसकट सगळ्यांची करा असं कुणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. आपल्याकडे जठराचा कॅन्सर मिझोरममध्ये खूप, अन्ननलिकेचा आसाम-मेघालयात आणि काश्मिरात खूप, महाराष्ट्रात त्या मानाने कमी. सगळ्यांच्या एन्डोस्कोपी करत बसलो तर ज्यांना खरंच लागते त्यांचा नंबर लागणार नाही.

माणदेशी
महाराष्ट्रात कमी असेल पण आमच्या भागात बायकांची मिश्री बघा. माझ्या आत्या, मावश्या, आजी सगळ्या दात घासायच्या नावाखाली दिवसातून चार-चारदा मिश्री लावायच्या आणि कुणी विचारलं तंबाखू खाता का तर नाही म्हणायच्या, मनापासून नाही, कारण त्यांच्या हिशोबी ती तंबाखूच नाही. डॉक्टरनं हिस्ट्री घेताना मिश्री लावता का असंच विचारलं पाहिजे. आमच्या आत्याच्या अन्ननलिकेच्या मध्यात कॅन्सर निघाला, ती तर बिडीला कधी शिवलीपण नव्हती.

दुर्बीणवाला
माणदेशी, अगदी महत्त्वाचं लिहिलंत, मी तर आता मिश्री, गुटखा, मावा, तपकीर एकेक नाव घेऊन विचारतो. तंबाखू-दारूने होणारा अन्ननलिकेचा कॅन्सर सुरुवातीला साध्या पांढऱ्या उजेडात फार फसवतो. जपानात एका मोठ्या अभ्यासात असे वरवरचे कॅन्सर पांढऱ्या उजेडात ५५ टक्के सापडले आणि एनबीआय म्हणजे निळा-हिरवा उजेड वापरून ९७ टक्के. एनबीआय हे मशीनवरचं एक बटण आहे, त्या उजेडात खराब जागा तपकिरी दिसते. बटण नसलेलं जुनं मशीन असेल तर ल्युगॉलचं आयोडिन फवारायचं, चांगलं अस्तर तपकिरी होतं आणि खराब जागा पिवळट कोरी राहते. तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर एकदा होऊन गेलेल्यांची अन्ननलिका तर अशीच बघायला हवी, कारण तंबाखू तोंडापाशी थांबत नाही.

स्लाइडबाई
मी पॅथॉलॉजीत आहे, माझी बाजू मांडते कारण सगळे दुर्बिणीवरच बोलतायत. डॉक्टरांना जागा दिसली, तुकडा काढला, माझ्याकडे आला आणि मी लिहिलं 'कॅन्सर दिसत नाही'. तरीही कॅन्सर असू शकतो. १९८२ सालचा जुना पण आजही सांगितला जाणारा अभ्यास आहे, जठराच्या कॅन्सरमधून एकच तुकडा घेतला तर निदान ७० टक्के वेळा लागतं, ४ घेतले तर ९५ आणि ७ घेतले तर ९८. म्हणून संशयित जखमेतून किमान ६ तुकडे घ्या म्हणतात. आणि ते कडेचे हवेत. जखमेच्या तळातून घेतला तर मला नुसता मेलेला मळ मिळतो, त्यात काय बघू मी. कित्येकदा डबीत तांदळाच्या कणीएवढा एक कण येतो आणि फॉर्मवर लिहिलेलं असतं 'कॅन्सर आहे का बघा'.

एक प्रकार तर असा असतो की कॅन्सर अस्तराच्या खालून पसरतो, जठर चामड्यासारखं ताठ होतं, वरून अस्तर बरंचसं शाबूत. लिनायटिस प्लास्टिका म्हणतात. हवा भरूनसुद्धा जठर फुगत नाही ही खूण. त्यात वरवरचे तुकडे पुन्हा पुन्हा निगेटिव्ह येतात, मग एकाच जागी खोल खोल तुकडे घ्यायचे नाहीतर आतून सोनोग्राफी करून सुई घालायची. दिसतंय वाईट आणि रिपोर्ट चांगला, असं जमलं की रिपोर्टवर खूश होऊ नका, परत तुकडे काढा.

घाबरट_ससा
हे सगळं वाचून माझी झोप उडालीये. मी ३१ वर्षांची, आयटीत आहे, जेवणाच्या वेळांचा आनंदच आहे, ३ वर्षं अ‍ॅसिडिटी. एन्डोस्कोपी दोनदा झालीये दोन्ही नॉर्मल. वजन उलट वाढतंय. तिसऱ्यांदा करू का? प्लीज कुणीतरी सांगा.

दुर्बीणवाला
ससाताई, नको. खरंच नको. घास अडकणं, आपोआप वजन उतरणं, सारख्या उलट्या, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी, रक्त कमी होणं आणि त्याचं कारण न सापडणं, पोटात हाताला गाठ, जवळच्या नात्यात जठराचा कॅन्सर, यातलं काही असेल तर आम्ही घाई करतो. तुमच्यात काहीच दिसत नाही. एच. पायलोरी हा जंतू तपासला नसेल तर तो तपासा, श्वासाची किंवा शौचाची तपासणी आहे, नळी लागत नाही, फक्त अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या २ आठवडे आधी बंद ठेवाव्या लागतात नाहीतर खोटं निगेटिव्ह येतं. हा जंतू भारतात निम्म्याहून जास्त लोकांत असतो आणि जठराच्या कॅन्सरमागचं सगळ्यात मोठं कारण तोच. सापडला तर औषधांचा कोर्स पूर्ण करा.

गोळ्यांवरून आठवलं, कृष्णाकाठचींच्या सासऱ्यांना गोळ्यांनी बरं वाटलं होतं ना, त्यावरून दीर म्हणत असतील तेव्हा कॅन्सर नव्हता. तसं नसतं. या गोळ्यांनी अ‍ॅसिड बंद झालं की कॅन्सरच्या जखमेचासुद्धा वरचा भाग भरून येऊ शकतो, दुखणं थांबतं, मग एन्डोस्कोपीतही ती नुसती लाल जागा वाटते. म्हणून जठरात अल्सर दिसला तर तुकडे काढायचे आणि ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा आत बघून तो भरलाय याची खात्री करायची. दुसऱ्या वेळी जायला पेशंट तयार नसतात, बरं वाटतंय ना मग कशाला. छोट्या आतड्याच्या सुरुवातीच्या अल्सरला हे लागत नाही, तो सहसा कॅन्सरचा नसतो.

हॅम्पशायरचा_हणमंत
इंग्लंडातून. इकडे गिळायला त्रास म्हटलं की वय कितीही असो तातडीच्या यादीत नाव जातं, तसंच ५५ च्या पुढे वजन उतरत असेल आणि सोबत पोटाचं वरचं दुखणं किंवा जळजळ असेल तर. २०१७ मध्ये इथल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमावली काढली, प्रत्येक ठरलेल्या जागेचा फोटो ठेवायचा, तपासणीला साधारण ७ मिनिटं तरी द्यायची. सुटलेले कॅन्सर मागे जाऊन शोधायचे आणि का सुटले ते बघायचं अशी रीतही इकडे आहे. ज्यांना बॅरेट्स म्हणजे अ‍ॅसिडने अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं असतं त्यांना ठराविक वर्षांनी बोलावतात, आणि दर सेंटिमीटरला एक मिनिट बघायचं आणि चारही बाजूंनी तुकडे घ्यायचे असं गणित आहे. केंब्रिजमध्ये एक दोरीला बांधलेली गोळीपण निघालीये, गिळली की जठरात जाऊन स्पंज फुगतो, दोरीने वर ओढून घ्यायचा, त्याला चिकटलेल्या पेशी तपासायच्या. बॅरेट्ससाठीच आहे ती. हे सगळं असून इकडे वेटिंग केवढं असतं ते मात्र विचारू नका, तो वेगळा धागा होईल.

शंकासुर
७ मिनिटं? माझी तर नळी आत गेली कधी आणि बाहेर आली कधी कळलंच नाही.

दुर्बीणवाला
त्या ७ मिनिटांमागे आधार आहे. सिंगापूरमध्ये एका विद्यापीठाच्या हॉस्पिटलात नॉर्मल तपासणीला ७ मिनिटांपेक्षा जास्त वेळ देणारे आणि कमी देणारे असे डॉक्टरांचे दोन गट केले. सावकाश बघणाऱ्यांना कॅन्सर किंवा त्याच्या अगदी आधीची अवस्था तिपटीने जास्त सापडली. मशीन तेच, हॉस्पिटल तेच. शंकासुर, तुमच्या रागात तथ्य आहे, फक्त तो एन्डोस्कोपीवर न काढता घाईवर काढा. मी स्वतः घड्याळ लावायला लागल्यापासून माझी लिस्ट तासभर लांबते आणि बाहेरची मंडळी वैतागतात, चालायचंच.

कोडवाला
यात एआय काही करू शकत नाही का? पुण्यात कंपनीत याच प्रकारच्या इमेजवर काम करणारे मित्र आहेत म्हणून विचारतो.

दुर्बीणवाला
करतंय की. चीनमध्ये वुहानला अशी प्रणाली केली जी डॉक्टर बघत असताना कुठला भाग बघून झाला आणि कुठला राहिला ते पडद्यावर दाखवते. तिच्यामुळे न बघितलेल्या जागांचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांच्या आत आलं. मला यातलं 'हा डाग कॅन्सर आहे' हे सांगणारं एआय कमी आवडतं आणि 'अहो, इकडे बघायचं राहिलं' म्हणून टोकणारं जास्त. कॅमेरा जिकडे वळलाच नाही तिथलं एआय तरी काय सांगणार.

परभणीकर
एक अनुभव, जरा वेगळा. काकूंचं पोट आणि पाठ दुखायची, जेवल्यावर जास्त. एन्डोस्कोपी केली, एकदम स्वच्छ. दुखतच राहिलं म्हणून सीटी स्कॅन केला तर स्वादुपिंडाचा कॅन्सर. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की नळी जठरात जाते, स्वादुपिंड जठराच्या मागे आहे, ते त्यातून दिसतच नाही. आम्हाला वाटायचं एन्डोस्कोपी म्हणजे पोटातलं सगळं.

दुर्बीणवाला
हा गैरसमज प्रचंड आहे. स्वादुपिंड, यकृत, पित्ताशय यातलं काही दिसत नाही. पित्तनळी उघडते ते तोंडसुद्धा समोर बघणाऱ्या नेहमीच्या नळीतून अर्धवटच दिसतं, त्यासाठी बाजूला बघणारी वेगळी दुर्बीण लागते. कावीळ झालेला किंवा पाठीत दुखणारा पेशंट नॉर्मल एन्डोस्कोपी दाखवून परत पाठवू नये.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. तुमचं वाचून पहिला रिपोर्ट परत काढला. ४ फोटो आहेत. नवऱ्याने नावं वाचली, तीन जठराच्या खालच्या टोकाचे, एक ड्युओडेनमचा. नळी उलटी वळवून काढलेला फोटो एकही नाही. अन्ननलिकेचा पण नाही. खाली मात्र 'अन्ननलिका व कार्डिया नॉर्मल' असं छापलेलं आहे, स्कोपवाली ताई म्हणतात तसंच. नवरा आता जास्तच भडकलाय. व्हिडिओ मागता येतो का? आणि पुढं काही करावं का?

काळाकोट
वकील आहे, पण हा सल्ला नव्हे, माहिती समजा. रुग्णाच्या नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. व्हिडिओ बहुतेक ठिकाणी साठवतच नाहीत, फोटो आणि रिपोर्ट मिळतील. ग्राहक आयोगात जायची मुदत २ वर्षं. पण एक लक्षात घ्या, निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा झाला असं कायदा मानत नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय, त्या परिस्थितीत साधारण कुशल डॉक्टरने जे केलं असतं ते केलं नाही हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लागतं. फोटो नाही म्हणजे बघितलंच नाही, हे सिद्ध होणं सोपं नाही. आत्ता कागद गोळा करून ठेवा, ट्रीटमेंट आधी.

दुर्बीणवाला
वकीलसाहेबांशी सहमत, ट्रीटमेंट आधी. टाटात जाताना दुसऱ्या एन्डोस्कोपीच्या तुकड्यांच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (ज्या मेणात तुकडा बसवून ठेवतात तो) दोन्ही लॅबमधून मागून घ्या, नुसता कागद चालत नाही, तिथे ते स्वतः परत बघतात. सासऱ्यांचं खाणं अगदीच जात नसेल तर केमोच्या आधी पोषणासाठी नळीबद्दल विचारा, वजन आणखी उतरू देऊ नका, केमो आणि ऑपरेशन दोन्ही त्यावर अडतं.

स्लाइडबाई
ब्लॉक मागताना पावती घेतात आणि परत करायचा असतो, आधी फोन करून जा. आणि हर-टू नावाची तपासणी झाली नसेल तर ती टाटात करतीलच, या जागेच्या कॅन्सरमध्ये पसरलेला असेल तर त्यावर औषध ठरतं.

कृष्णाकाठची
उद्याच लॅबला फोन करते. नवऱ्याला काळाकोट यांचं उत्तर वाचून दाखवलं, अर्ज लिहायला बसलाय.

घाबरट_ससा
शेवटचा प्रश्न, मग जाते. ती कॅमेऱ्याची गोळी असते ना, गिळायची, फोटो काढत जाते, नळीपेक्षा ती का नाही करत सगळे?

दुर्बीणवाला
ती छोट्या आतड्यासाठी, जिथे नळी पोचत नाही. अन्ननलिकेतून ती काही सेकंदांत घसरते, जठरात गडगडत पडते, तिला वळवता येत नाही, हवा भरता येत नाही, धुता येत नाही, तुकडा काढता येत नाही. चुंबकाने फिरवायची गोळी चीनमध्ये वापरतात, पण तिच्यात काही दिसलं तरी तुकड्यासाठी शेवटी नळीच घालावी लागते. आणि ज्याचा घास अडकतो त्याला तर ती गोळी आधी रस्ता मोकळा आहे का ते न बघता देऊच नये, अडकून बसली की काढायला पुन्हा आम्हीच.